नेटवर्क मार्केटिंग: पहिल्या फोनवर नेमकं बोलायचं काय?

नमस्कार मंडळी. गेले कित्येक दिवस कॉमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, फक्त विचारणारे बदलतात. "ताई, ओळखीच्यांची लिस्ट काढली, शंभर नावं लिहिली. आता फोन करून बोलायचं काय?" आज फक्त यावरच बोलू. नवीन असाल तर एका ओळीत: नेटवर्क मार्केटिंग म्हणजे कंपनीचा माल दुकानाऐवजी थेट ओळखीच्यांना विकायचा आणि विकणारी नवी माणसंही जोडायची.

आधीचं भराभर उरकते. कंपनी नीट तपासा. जॉइनिंगसाठी फी मागतात का? माल न विकता नुसता माणूस आणल्याचे पैसे देतात का? दोन्हीपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर हा व्हिडिओ इथेच बंद करा आणि तिथून बाहेर पडा. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग (म्हणजे थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड योजनांना, म्हणजे नव्या माणसांच्या पैशांवर जुन्यांची कमाई करणाऱ्या योजनांना, बंदी आहे आणि पैसे फिरवण्याच्या योजनांविरुद्धचा कायदा तर १९७८ पासून आहे. अशा ठिकाणी गोड बोलायला शिकलात तर नुकसान जास्त लोकांचं होईल, एवढंच. पुढचं: माल स्वतः वापरा, कंपनीचं ओळखपत्र घ्या, एमआरपी (पाकिटावरची किंमत) आणि डीपी (विक्रेता म्हणून तुम्हाला पडणारी किंमत) पाठ करा. झालं.

आता पहिला फोन. अपलाइन, म्हणजे तुम्हाला जोडून घेणारी, काय शिकवते? "फोनवर काही सांगू नकोस. उत्सुकता वाढव. म्हण, एक मस्त संधी आहे, फोनवर सांगता येणार नाही, भेटून बोलू."

हे वाक्य बंद करा.

(स्क्रीनवर: 'फोनवर सांगता येणार नाही', वर लाल काट)

आता ऐकणाऱ्याच्या बाजूने बघा. शाळेतल्या मैत्रिणीचा पाच वर्षांनी फोन येतो. "काय करतेस सध्या? खूश आहेस का नोकरीत?" महाराष्ट्रात आता शहाण्या माणसाला तिसऱ्या वाक्याला कळतं की ही 'चेन'वाली आहे. तुम्हाला वाटतं उत्सुकता वाढतेय, तिकडे ती फोन ठेवायचं निमित्त शोधतेय. समजा ती 'येते' म्हणाली. घरी नवरा विचारतो, कुठे निघालीस? कसली मीटिंग? तिच्याकडे उत्तरच नाही, कारण तुम्हीच दिलेलं नाही. तो म्हणतो, काहीतरी फसवाफसवी असेल, जाऊ नकोस. आणि तुम्ही रविवारी संध्याकाळी चार रिकाम्या खुर्च्यांसमोर कमाईचा प्लॅन दाखवताय.

बरं, नियम काय म्हणतो? २०२१ च्या त्याच नियमांत डायरेक्ट सेलरची कर्तव्यं दिली आहेत. बोलणं सुरू करतानाच स्वतःची खरी ओळख, कंपनीचं नाव आणि पत्ता, काय विकता ते, आणि कशासाठी संपर्क केला, हे स्पष्ट सांगायचं. शिवाय ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. म्हणजे 'सहज आले होते' म्हणून सोफ्यावर बसून पिशवीतून डबे काढणं हेही नियमाबाहेरच. अपलाइनला हा नियम वाचून दाखवा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि तिसरं, याकडे कुणीच बघत नाही. तुमची टीम तुमचीच नक्कल करते. तुम्ही लपवून बोलावलंत तर तुमची डाउनलाइन, म्हणजे तुम्ही जोडलेली माणसं, लपवूनच बोलावणार, आणि त्यांनी ज्यांना बोलावलं ते 'मला फसवून बसवलं' म्हणत तुमच्याच सोसायटीत तुमचं नाव घेणार. गाव लहान असेल तर दोन महिन्यांत दारं बंद.

मग बोलायचं काय? हे घ्या. अर्ध्या मिनिटात होतं.

"वहिनी, दोन मिनिटं आहेत का? मी अमुक, अमुक पत्त्यावरच्या तमुक कंपनीची डायरेक्ट सेलर आहे, घरातल्या साफसफाईचा माल विकते. भांड्यांचं लिक्विड वापरून दाखवायचंय, 'जॉइन व्हा' म्हणायला फोन केलेला नाही. शनिवारी चार वाजता पंधरा मिनिटं येऊ का? नको असेल तर बिनधास्त नाही म्हणा."

आणि मग गप्प बसा! हे सगळ्यात अवघड. समोरची विचार करत असते, आपल्याला ती शांतता सोसत नाही आणि आपण बोलत सुटतो: "म्हणजे डिस्काउंट पण आहे, फ्री गिफ्ट पण आहे, आणि तसं प्लॅनसुद्धा बघितलात तर..." झालं, घालवलंत. प्रश्न विचारल्यावर पुढचं वाक्य त्यांचं. त्या 'नाही' म्हणाल्या तर "बरं, काही हरकत नाही" म्हणून दुसरं काहीतरी बोला आणि फोन ठेवा. सहा महिन्यांनी त्याच वहिनी विचारू शकतात. चिकटून बसलात तर नाही विचारणार.

एकाने लिहिलंय, "कंपनीचं नाव आधी सांगितलं की लोक गूगल करतात ना!" अहो, करू द्या की. तुमच्या मीटिंगमध्ये तुम्ही हिरे आणि पिनची, म्हणजे कंपनीतल्या वरच्या पदांची, स्लाइड दाखवत असताना ते टेबलाखाली गूगलच करत असतात. कंपनीचं नाव ऐकूनच माणूस पळत असेल तर दोष बोलण्यात नाही, कंपनीत आहे.

याच रोगाचं फेसबुकवरचं रूप म्हणजे 'किंमत इनबॉक्स'. पाकिटावर एमआरपी छापलेली आहे, लाखो लोकांना दिसते, आणि तुम्ही ती गुपित असल्यासारखी कानात सांगताय. विचारणाऱ्याला वाटतं, माणूस बघून भाव ठरतोय. किंमत पोस्टमध्येच लिहा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, एमआरपी टाका आणि तीच लिंक पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं आणखी एक. ब्रॉडकास्ट (एकाच वेळी अनेकांना एकच मेसेज) पाठवलं आणि कुणाचंच उत्तर नाही, अशी तक्रार फार येते. ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतं ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून पहिल्या विक्रीच्या वेळीच सांगा, "माझा नंबर सेव्ह करून ठेवा, संपलं की एक मेसेज टाका." आणि न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये घालू नका. तो वैतागून बाहेर पडतो, मग त्याच्यामागे आणखी दोघं निघतात.

आता शनिवारी चार वाजता काय करायचं. कंपनीची गोष्ट, संस्थापकाचा संघर्ष, परदेशातला प्लांट, हे काही नको. सिंकजवळ जा, तेलकट कढई मागा.

मग हिशेब. तुमचा माल दुकानातल्यापेक्षा महाग दिसतो, हे मान्य करूनच सुरुवात करा. समजा ५०० मिलीची बाटली २५० रुपयांना आहे. एका वेळच्या भांड्यांना ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, वाटीभर पाण्यात. १०० वेळा पुरते, अडीच रुपये एका वेळेला. दिवसातून दोनदा भांडी, तर ५० दिवस. हे कागदावर त्यांच्याच हाताने लिहायला लावा. स्वतः केलेला हिशेब माणूस विसरत नाही.

पण इथे गोची होते. घरात भांडी घासणारं माणूस दुसरंच असतं. मावशी येतात, बाटली उलटी करून थेट घासणीवर ओततात, तीन आठवड्यांत खलास. वहिनी म्हणतात, महाग आहे बाई. म्हणून बाटलीबरोबर चमचा द्या, वाटीत कालवायचं मावशींसमोर दाखवा, आणि उघडल्याची तारीख बाटलीवर मार्करने लिहा. तिसऱ्या दिवशी एक फोन, फक्त एवढंच विचारायला: पाण्यात कालवताय ना? मग थेट पंचेचाळिसाव्या दिवशी. अध्येमध्ये 'सुप्रभात' नको. याला फॉलोअप म्हणतात, बाकी सगळा त्रास असतो.

आणि हिशेब करून तुमचाच माल महाग पडत असेल तर स्वस्त आहे म्हणू नका. वास आवडतो, हात कोरडे पडत नाहीत, जे खरं असेल ते सांगा. नाहीतर तो माल विकू नका, दुसरा उचला.

तब्येतीच्या पावडरी आणि ज्यूस विकणाऱ्यांनो, जरा इकडे या. 'शुगर मुळापासून बरी', 'बीपीची गोळी सुटली', असले स्टेटस आजच काढा. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे आणि मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर हे त्याच्या यादीत आहेत. 'मी नुसतं फॉरवर्ड केलं' ही सबब चालत नाही. लेबलवर आहे तेवढंच बोला. समोरच्याला गोळ्या चालू असतील तर "आधी डॉक्टरांना लेबल दाखवा" म्हणा. कुणी तुमच्या शब्दावर इन्सुलिन थांबवलं तर काय होईल, याचा विचार करा.

माल देताना ऑर्डर फॉर्म द्या. त्यात तुमचं नाव, नंबर, मालाचं वर्णन, रक्कम, परत करायचे नियम. "विकण्याजोग्या स्थितीत असेल तर इतक्या दिवसांत परत करता येतं" हे तोंडानेही सांगा. दिवस तुमच्या कंपनीच्या धोरणात बघा, अंदाजे ठोकू नका. तक्रार ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, हेही सांगा. ग्राहक यामुळे पळत नाही, उलट पहिल्यांदा नीट बसून ऐकतो.

आता जॉइनिंग. ते कधी काढायचं? त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा ऑर्डर दिल्यावर. त्याच्या आधी नाही.

तेव्हा नेमका तो प्रश्न येतो, "म्हणजे चेन सिस्टीम का?" चिडू नका, 'चेन नाही, हा बिझनेस आहे' असलं भाषणही नको. म्हणा: "हो, माणसांची साखळी असते. पैसे माल विकल्यावर मिळतात, माणूस आणल्याचे नाही. फी नाही. कंपनीचा कागद हा घ्या, घरी वाचा." 'नवऱ्याला विचारून सांगते' म्हणाल्या तर "जरूर विचारा" एवढंच. ते बहाणा समजून तोडायला जाऊ नका, घरात खरंच विचारतात लोक.

कमाईचं बोलताना चेकचे फोटो नकोत. आकडा मांडा. समजा एका बाटलीमागे ५० रुपये सुटतात आणि ३० घरांत ती जाते. ५० दिवसांना एक, म्हणजे महिन्याला १८ बाटल्या. ९०० रुपये. त्यातून पेट्रोल वजा. एवढं ऐकूनही कुणी म्हणालं, "बरं, मला आणखी कुठला माल चालतो ते सांगा", तर ते माणूस टिकतं. आणि क्लोजिंगच्या रात्री, म्हणजे कंपनीचा महिन्याचा हिशेब बंद होताना, खरेदीवर मिळणारे पॉइंट भरायला स्वतःच वीस हजारांचा माल उचलायला लावणाऱ्या अपलाइनचं ऐकू नका. विकला किंवा वापरला जाणार नाही इतका माल गळ्यात मारणं नियमात बसत नाही. माळ्यावर मुदत संपलेले डबे ठेवून कुणी मोठं झालेलं नाही.

आजचं काम. तुमची पहिली चार वाक्यं फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि ऐका. कंपनीचं नाव कितव्या सेकंदाला येतं? दहाच्या पुढे असेल तर परत करा. मग ती वाक्यं खाली कॉमेंटमध्ये लिहा, निवडक घेऊन पुढच्या व्हिडिओत दुरुस्त करू. जॉइनिंगची लिंक टाकाल तर ती मात्र डिलीट होईल, आधीच सांगते.