मीठ कमी करा म्हणे, मग भात कशाशी खाऊ?

नमस्कार मंडळी. रेडिओ चालू ठेवा आणि हातातलं कामही चालू ठेवा, कारण मी आज ज्या बायकांबद्दल बोलणार आहे त्या या वेळेला बहुतेक कुणाच्या तरी घरी भांडी घासत असतील, आणि त्या घरच्या ओट्यावर रेडिओ लागला असेल तरच हे त्यांच्या कानावर पडणार.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरात एका डोंगरावरच्या वस्तीत बरीच वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केलं. खाली रस्ता, वर घरं, मध्ये पायऱ्या, पावसाळ्यात त्या पायऱ्यांचाच नाला होतो. घरोघर फिरायचं, गरोदर बायकांची नावं लिहायची, बाळांच्या लसीची आठवण करायची, बीपी-शुगरच्या शिबिराला माणसं गोळा करून आणायची, असं काम. आता मला विषय दिलाय की सरकारच्या या आरोग्यदायी जगण्याच्या योजनांचा गरीब घराला खरंच उपयोग होतो का. होतो की. पण माझा अनुभव असा आहे की जिचं पोस्टर सगळ्यात मोठं तिचा उपयोग सगळ्यात कमी.

एका शिबिराची गोष्ट सांगते. रविवार होता, समाजमंदिरात टेबल लावलं, मागे बॅनर. २०१८ साली ते ईट राइट इंडिया सुरू झालं ना, ‘आज से थोडा कम’वालं, तेल थोडं कमी, मीठ थोडं कमी, साखर थोडी कमी, त्याच धर्तीचा बॅनर. त्यावर सफरचंद, बदाम, दुधाचा ग्लास आणि आमच्या बाजारात मी कधी न बघितलेली एक हिरवी फुलकोबी. एक मावशी आल्या, पन्नाशीच्या, तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या. बीपी निघालं १७० वर १००. डॉक्टर नवीन होते, पोरगा चांगला होता, त्याने समजावून सांगितलं, मावशी मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद. मावशींनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, अगं ताई, मीठ कमी केलं तर भात कशाशी खाऊ?

मी तेव्हा हसले. घरी येऊन विचार करत बसले. कारण त्यांचं बरोबर होतं. ज्या घरात भाजी रोज नसते तिथे लोणचं, ठेचा, सुकटाची चटणी, पापड हेच कालवण असतं. नुसता भात किंवा कोरडी चपाती घशाखाली उतरवायची तर काहीतरी झणझणीत आणि खारट लागतं, आणि चिमूटभर ठेच्यात अख्खी चपाती जाते म्हणून तर तो ठेचा परवडतो. तुम्ही तिला मीठ कमी कर सांगता तेव्हा खरं तर भाजी वाढव असं सांगत असता, फक्त भाजीचे पैसे कुणी देत नाही. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर २०२१ मध्ये मुंबईत जो सर्व्हे केला त्यात शंभरातल्या ३४ मोठ्या माणसांना बीपी आणि १८ जणांची शुगर वाढलेली निघाली, आणि शंभरात ९४ लोक पुरेशी फळं-भाज्या खात नाहीत असंही निघालं. आता ९४ म्हटल्यावर त्यात टॉवरवाले पण आलेच. पण टॉवरवाला खात नाही तो आवडत नाही म्हणून, मावशी खात नाहीत त्याचं कारण वेगळं आहे.

आणि ते कारण नुसते पैसे नाहीत हां. मेथीची जुडी एखाद्या दिवशी स्वस्त मिळते पण. पण मेथी आणली की निवडायला अर्धा तास, ती चार पाण्यातनं धुवायची, आणि पाणी येतं पहाटे पाचला तासभर, तेही खालच्या नळावर, म्हणजे भाजी धुवायचं पाणी डोक्यावरून चढवलेलं पाणी. फ्रीज नाही, पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये मेथी संध्याकाळपर्यंत पिवळी. त्यात गॅस जपून वापरायचा. मग ती बाई साडेसातला दमून येते, पोरं भुकेली, आणि कोपऱ्यावर वडापाव तयार असतो, गरम, धुणं नाही निवडणं नाही भांडं घासणं नाही. लोक म्हणतात यांना सवयच वाईट. अहो सवय कसली, तिने हिशोब केलाय, आणि हिशोब तिचा चोख आहे.

म्हणून कुठलीही आरोग्याची योजना आली की मी बघते, यामुळे त्या घरातल्या बाईचं एक काम कमी होतंय की एक काम वाढतंय? पोस्टरवाल्या बहुतेक योजना काम वाढवतात. भाज्या धुवा, सॅलड कापा, रोज तीस मिनिटं चाला. फिट इंडिया २०१९ मध्ये आलं तेव्हा आम्हालाही सांगितलं होतं वस्तीत चालण्याचं महत्त्व समजावा म्हणून, मी त्या पायऱ्यांवर उभी राहून पाण्याचे हंडे घेऊन चढणाऱ्या बायकांना ते समजावणार होते, नाही समजावलं, रिपोर्टमध्ये समजावलं असं लिहिलं. कबूल करते.

आता काम कमी करणाऱ्या बघा. शाळेतला पोषण आहार. खिचडीला नावं ठेवायची फॅशन आहे, कधी पातळ असते, कधी पोरं अर्धी टाकतात, सगळं खरं. पण दुपारचं एक जेवण शाळेत होतं म्हणजे सकाळी एक डबा कमी, आणि पोराच्या पोटात डाळ जाते. २०२३ च्या शेवटी राज्याने आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायचं ठरवलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, अंडं म्हणजे न निवडता न धुता मिळणारं प्रोटीन, आणि मग २०२५ च्या जानेवारीत त्या अंड्याचे पैसे द्यायचं राज्याने थांबवलं. बॅनरला पैसे असतात, अंड्याला नसतात. असो.

शिवभोजन थाळी तशीच. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, डाळ, भात. नाक्यावरचे बिगारी, एकटे राहणारे म्हातारे, घर सोडून आलेली पोरं, यांना ‘संतुलित आहार’ हा शब्द कुणी शिकवला नाही, ताटातच दिला. आमच्या जवळचं केंद्र नंतर बंद पडलं, आणि तिथे रोज येणारे एक आजोबा पुढचे काही दिवस सवयीने त्या बंद शटरसमोर येऊन उभे राहायचे.

दवाखान्याचं पण सांगते. २०२२ च्या नोव्हेंबरात महापालिकेने ‘आपला दवाखाना’ सुरू केले, तपासण्या फुकट आणि वेळ रात्री दहापर्यंत. फुकट हा शब्द सगळ्यांना मोठा वाटतो, मला रात्री दहा हा शब्द मोठा वाटला. कारण बीपीची गोळी फुकट असून उपयोग काय, ती घ्यायला सकाळी लाईनीत उभं राहायचं म्हणजे एका घरचं काम बुडणार, शेठाणी बोलणार, दोनदा खाडा झाला की दुसरी बाई बघणार. आमच्या मावशींचं असंच झालं होतं, एका दवाखान्यात गोळ्या संपल्यात उद्या या म्हणाले, उद्या गेल्या तर परवा या, मग त्या गेल्याच नाहीत आणि दोन महिने गोळी बंद. मीठ कमी करायचं त्यांनी ऐकलं नाही म्हणून डॉक्टर रागावले. गोळीचं कुणी विचारलंच नाही.

अंगणवाडीचं मात्र माझ्या मनात मिश्र आहे. १९७५ पासूनची योजना, तिच्यामुळे किती पोरं तगली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एका मुलाच्या रोजच्या आहाराला २०१७ मध्ये दर ठरला आठ रुपये. मुंबईत कटिंग दहाला मिळते. पुढे २०२५ च्या बजेटमध्ये दर वाढवू असं सांगितलं गेलं, पण तोवरची कितीतरी पोरं त्या आठ रुपयांवरच शाळेत गेली. आणि अंगणवाडीच्या ताईंच्या हातात पोषण ट्रॅकर, म्हणजे पोरांची माहिती भरायचं सरकारी ॲप, नेटवर्क नसलेल्या खोलीत पोराला मांडीवर घेऊन त्या ॲपचं चाक फिरताना बघत बसायचं. घरी न्यायचं जे पाकिटातलं पीठ मिळतं ते एका पोराच्या नावाचं, पण घरात पोरं तीन. आई काय करते, गूळ घालून त्याचे लाडू करते आणि सगळ्यांना एकेक देते. वरून विचारणा येते लाभार्थ्याचं वजन का वाढत नाही. अहो कसं वाढेल? कुठल्या आईचा हात दोघांना उपाशी ठेवून एकाला भरवेल?

हेच झारखंडमध्ये एका मोठ्या अभ्यासात फार छान दिसलं. २०१९ ते २०२२ त्यांनी टीबीच्या पेशंटला तर शिधा दिलाच, पण अर्ध्या घरांत पेशंटच्या घरच्या माणसांनाही दिला, दर मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ. डाळ-तांदूळ आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बस एवढंच हो. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं, आणि फुफ्फुसाच्या टीबीचं जवळजवळ निम्म्यावर आलं. २०२३ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला पाचशे मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले, चांगलं झालं. पण तो पेशंट मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या ठिकाणी राहत असेल, जिथे दोन बिल्डिंगच्या मध्ये तीनेक मीटरची फट आणि खालच्या मजल्याला दिवसा पण ट्यूबलाइट, तर तो हजार रुपयांची अंडी खाऊन तीच कोंदट हवा घेणार.

रेशनचं थोडक्यात सांगते, नाहीतर मी त्यावरच तासभर बोलेन. फुकट धान्याने पोट भरतं यात वाद नाही. पण मिळतो गहू आणि तांदूळ, डाळ नाही. आणि हे धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंब’ यादीत नाव लागायला शहरात वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं. भागा बाराने, पाच हजार पण होत नाहीत महिन्याला. मुंबईत तेवढ्यात खोलीचं भाडं निघत नाही, म्हणजे जी बाई प्रामाणिकपणे खरं उत्पन्न सांगेल ती बाहेर. आणि दिवाळीला आनंदाचा शिधा आला २०२२ मध्ये, शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. लोकांनी आनंदाने घेतला, मी पण म्हणेन सणाला गोडधोड हवंच, पण एका खात्याने तेल-साखर कमी करा म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच पिशवीत भरून द्यायचं, मावशींनी कुणाचं ऐकायचं?

मावशींचं पुढे काय झालं ते राहिलंच. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, पंधराशे रुपये थेट त्यांच्या खात्यात. ही काही आरोग्याची योजना नाही, आणि मी तिची वकिलीही करत नाही, निवडणुकीच्या तोंडावर आली हे मलाही कळतं. पण दोन हप्ते जमल्यावर मावशींनी कुकर घेतला. तीन लिटरचा. आधी पातेल्यात डाळ शिजायला पाऊण तास गॅस जायचा म्हणून डाळ आठवड्यातून दोनदा व्हायची, आता तीन शिट्ट्यांत होते म्हणून रोज होते, आणि रोज वरण आहे म्हटल्यावर लोणच्याची बरणी आपोआप मागे सरकली. गोळ्याही आता संध्याकाळी कामावरून येताना घेऊन येतात. मागच्या वेळी बीपी १४० वर ९० होतं. कुकरमुळे की गोळीमुळे ते मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही.

पुढच्या रविवारी समाजमंदिरात परत शिबिर आहे, मी आता कामाला नाही पण बायकांना गोळा करायला मला बोलावतातच. मावशींना निरोप दिला तर म्हणाल्या, येईन, पण दुपारी दोननंतर, आणि तो पोरगा डॉक्टर असला तर त्याला सांग, वरणात मीठ मी अर्धंच टाकते आता.