दिसण्यासाठी आर्च घेताय? थांबा जरा

माझ्या मागे हा डेस्कटॉप दिसतोय ना, पारदर्शक टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, खाली डॉक? मागच्या व्हिडिओत तो बघून कितीतरी जणांनी विचारलं, "दादा, हे आर्च आहे का? मलाही टाकायचंय." नाही हो, हे लिनक्स मिंट आहे! आर्च काय, मिंट काय, दोन्ही लिनक्सचेच डिस्ट्रो, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या तयार सिस्टिम.

दिसणं बदलायला आर्च लागत नाही. थीम, आयकॉन, पॅनल कुठल्याही डिस्ट्रोवर बदला. केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप हवा? डेबियनवर, फेडोरावर खुशाल टाका.

फरक आहे तो निर्णय कोण घेतं यात. फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) कोणती, बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कोणता, डेस्कटॉप हवा की नको, हे आर्च तुम्हालाच ठरवायला लावतं. मिंटमध्ये ते आधीच ठरलेलं असतं. आता आर्चच्या आयएसओतही, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलमध्येही, २०२१पासून आर्चइन्स्टॉल हा बसवून देणारा प्रोग्रॅम येतो, त्यामुळे बसवणं तितकं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते सांभाळणं.

आर्च रोलिंग आहे. आवृत्ती वगैरे भानगड नाही, नवं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा, आलं की तुमच्या दारात. अर्धवट अपडेट चालत नाही, केला तर सगळा करायचा. आणि त्याआधी आर्चच्या साइटवरच्या सूचना वाचायच्या, कारण अधूनमधून काही गोष्टी हातानं कराव्या लागतात. मी एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री न वाचताच अपडेट मारला. काळा स्क्रीन! पहाटेपर्यंत लाइव्ह यूएसबी, म्हणजे ज्यावरून थेट लिनक्स चालतं तो पेनड्राइव्ह, घेऊन बसलो होतो. दोष आर्चचा नाही, माझाच.

आता गंमत बघा. २०२२मध्ये आलेला, व्हॉल्व्ह या गेम कंपनीचा स्टीम डेक, हातात धरून गेम खेळायचा कॉम्प्युटर. पोरं त्यावर गेम खेळतात, टर्मिनल उघडतही नाहीत. आत काय आहे? आर्चवर बेतलेलं स्टीमओएस! फक्त सिस्टिमचा भाग व्हॉल्व्हनं कुलूपबंद ठेवलाय. कुलूप काढून पॅकेज टाकलंत, तर पुढच्या सिस्टिम अपडेटला ते पुसलं जाऊ शकतं. ॲप हवं तर फ्लॅटपॅकनं घ्या, म्हणजे ते सिस्टिमपासून वेगळं बसतं आणि टिकतं. पाया आर्चचाच, पण ठरवणारा दुसरा.

म्हणून घरात एकच लॅपटॉप असेल आणि उद्या त्यावर परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल, तर मिंट. ते उबुंटू या डिस्ट्रोच्या एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर, उभं आहे, म्हणजे ५ वर्षं सुरक्षा अपडेट. आर्चची हौस आहे? हौसेला मोल नाही, पण ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, भागवा.

आणि मिंट टाकलंत की पहिलं काम, टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेता येते. चला, स्क्रीनवर दाखवतो.