टक्… १.८ सेकंद… टक्

(दृश्य: खोक्यात उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. दोन बोटं एकेक कव्हर पुढं पाडत जातात.)

जुनी रेकॉर्ड विकायच्या आधी तिचा दर्जा ठरवायचा असतो, तो असा. बोटं थांबतायत ती चित्रासाठी नाही. आधी बघायची ती कव्हराची खालची शिवण. ती उसवलेली असेल, तर आतली तबकडी वर्षानुवर्षं तिच्यावर आपटत आलेली आहे. मग कणा, त्यावरची अक्षरं वाचता येतात का ते. आणि मग दर्शनी बाजू. तबकडीच्या आकाराचं, रंग उडालेलं वर्तुळ उमटलं असेल, तर रेकॉर्डी दाटीनं कोंबल्या होत्या किंवा एकावर एक आडव्या रचल्या होत्या. त्याला ‘रिंग वेअर’ म्हणतात. कव्हर कितीही पुसलं तरी ते जात नाही.

या खोक्यात गाण्यांचे अल्बम नाहीत. अर्ध्या रेकॉर्डी विनोदी कार्यक्रमांच्या, अर्ध्या चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या. जुन्या रेकॉर्डींच्या बाजारात हे दोन्ही प्रकार मागच्या रांगेत पडून असतात. त्यांचे संग्राहक थोडे असतात, पण कमालीचे चिकित्सक.

(दृश्य: दिव्याखाली तिरकी धरलेली तबकडी. उजेडाचा पट्टा काळ्या पृष्ठभागावरून सरकतो.)

तबकडी धरायची कडेला आणि लेबलावर. खाचांना बोट लावायचं नाही. ट्यूबलाइटच्या पसरलेल्या उजेडात सगळ्याच रेकॉर्डी छान दिसतात. एकच प्रखर दिवा आणि त्याखाली हळूहळू कलणारी तबकडी, एवढं पुरतं. आता दिसतात ते केसासारखे बारीक चरे. आतल्या कागदी पाकिटातून तबकडी काढता-घालता पडतात, बहुतेक ऐकू येत नाहीत. पण नखाला लागणारा चरा सुईलाही लागतो. तो आडवा, म्हणजे खाचा छेदत गेला असेल तर नुसता टकटकतो. खाचांच्या दिशेनं गेला असेल तर जास्त वाईट, कारण सुई त्यात अडकते किंवा उडी मारते.

आता लेबल. मधल्या भोकाभोवती पुसट, वेड्यावाकड्या रेषा आहेत. रेकॉर्ड प्लेअरचा मधला दांडा भोकात बसत नाही म्हणून कुणीतरी रेकॉर्ड लेबलावर घासत फिरवल्याच्या त्या खुणा. रेषांचं जाळं दाट असेल, तर ‘एकदाच वाजवली होती’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

(दृश्य: सुई खाली येते. मोठा क्लोजअप.)

डोळ्यांचं काम इथं संपतं. गाण्याच्या रेकॉर्डीचा दर्जा नुसता बघून ठरवला तरी बरेचदा निभावतं. ढोल, गिटार, कोरस यांच्या आवाजात बारीक खरखर बुडून जाते. विनोदी रेकॉर्डीत एकटा माणूस बोलत असतो आणि हशा येतो तो त्याच्या थांबण्यावर. ऐन त्या थांब्यात ‘टक्’ झालं की ओळ वाया गेली. पार्श्वसंगीताचंही तसंच. एकाच बासरीचा लांबलेला सूर, मागं जवळजवळ शांतता, आणि त्या शांततेत चुरचुर. इथं ग्राहक शांततेचे पैसे मोजतो, आणि शांतता दिव्याखाली दिसत नाही.

म्हणून रेकॉर्ड वाजवायची, तीही पूर्ण. एका बाजूला साधारण वीस मिनिटं, दोन्ही बाजूंना चाळीस. दिवसभर बसलं तरी दहा-बारा रेकॉर्डी होतात. हे काम टाळलं जातं ते याच हिशेबानं. टाळणारे दोन्ही बाजूंची पहिली मिनिटं ऐकतात आणि दर्जा लिहून मोकळे होतात.

सुईचा भार दीड ते दोन ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजलेला. भार अंदाजानं ठेवून चालत नाही. जड सुई चऱ्यावरून रेटून पुढं जाते आणि रेकॉर्ड निर्दोष वाटते. तीच रेकॉर्ड ग्राहकाच्या हलक्या सुईखाली उडी मारते.

(आवाज: टक्… टक्… टक्.)

ही टकटक मोजा. एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. टकटक बरोबर १.८ सेकंदांनी येत असेल, तर तो चरा आहे आणि कितीही धुतलं तरी राहणार. कसाही, कधीही येत असेल तर बहुधा धूळ किंवा स्थिर वीज. त्यावर इलाज आहे. चरा असेल तर तो किती फेऱ्यांत टकटकतो ते मोजायचं आणि तोच आकडा लिहायचा. ‘थोडा आवाज येतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘सहा वेळा टक्, उडत नाही’ याला आहे.

बाजूचा शेवट कान देऊन ऐकायचा. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगानं सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. पार्श्वसंगीताच्या रेकॉर्डीत पूर्ण वाद्यवृंदाचा कडकडाट नेमका इथं, शेवटाला येतो. आधीच्या मालकाची सुई झिजलेली असेल, तर पितळी वाद्यं चिरकतात. विनोदी रेकॉर्डीत ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे फुटतात. ही झीज धुण्यानं जात नाही.

जुन्या विनोदी रेकॉर्डी पुष्कळदा मोनो असतात. त्यांच्या खाचेत ध्वनी फक्त आडव्या हालचालीत असतो. अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं की सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर कटते. बटण जरूर वापरावं, पण दर्जा बटण दाबून ठरवला असेल तर वर्णनात तसं लिहावं.

(दृश्य: तबकडीवर पाण्याचा पातळ थर, गोल फिरणारा मऊ ब्रश.)

धुवायला डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत वाळून बसतात आणि धुण्याआधीपेक्षा जास्त चुरचुर होते. पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंच, दहा ते वीस टक्के, आणि भांडी धुण्याच्या साबणाऐवजी सुगंध नसलेल्या ओलकारकाचे (पाणी खाचांत नीट पसरवणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब. ब्रश खाचांच्या दिशेनं फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, शेवटी साध्या डिस्टिल्ड पाण्यानं एकदा खंगाळायचं. एक पथ्य मात्र पाळायचंच. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावायचं नाही, कारण लाख त्यात विरघळते. खोक्यात चुकून अशी एखादी जाड, जड तबकडी निघाली तर ती बाजूला.

आणि धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात परत घालायची नाही. मग धुतली कशाला?

(दृश्य: लेबलालगतची गुळगुळीत पट्टी. भिंगाखाली कोरलेली अक्षरं.)

खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामधल्या या रिकाम्या पट्टीत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याची ओळख सांगणारा क्रमांक असतो, कधी ठशानं उठवलेला, कधी हातानं खरवडलेला. कव्हरावर छापलेलं साल कॉपीराइटचं असतं. ही प्रत त्याच साली साच्यात दाबून तयार केली असं त्यावरून ठरत नाही. ते कोडं सोडवायला हा क्रमांक लागतो. तो दोन्ही बाजूंचा, खाडाखोडीसकट, जसाच्या तसा उतरवायचा.

इथंच एक गंमत बघा. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७३ सालच्या ‘मॅचिंग टाय अँड हँडकरचीफ’ या रेकॉर्डीच्या एका बाजूवर दोन खाचा शेजारी-शेजारी कोरलेल्या आहेत. सुई जिथं टेकेल तो कार्यक्रम लागतो. एकदा ऐकून दर्जा लिहिणाऱ्यानं त्या बाजूचा अर्धाच मजकूर तपासलेला असतो. सुई पुन्हा पुन्हा टेकवून दोन्ही खाचा ऐकल्या, तरच तपासणी पुरी.

(दृश्य: एकाच कव्हराच्या पाच प्रती टेबलावर पसरलेल्या.)

जुनं ते दुर्मीळ, हा समज इथं टिकत नाही. केनेडी कुटुंबाची नक्कल करणारी ‘द फर्स्ट फॅमिली’ १९६२ साली आली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि रेकॉर्ड मागे घेतली गेली. पण घरोघरी गेलेल्या प्रती तिथंच राहिल्या, आणि त्याच आता खोक्याखोक्यातून निघतात. ‘मागे घेतलेली’ हा शब्द ऐकून किंमत चढवणारे फसतात.

उलट उदाहरण १९५४ चं. ‘द केन म्यूटिनी’ या चित्रपटाच्या आरसीए व्हिक्टरच्या रेकॉर्डीवर मॅक्स स्टायनर यांच्या संगीताबरोबर खटल्याच्या प्रसंगाचे संवाद होते. मूळ कादंबरीकार हर्मन वूक यांनी हरकत घेतली आणि रेकॉर्ड मागे घेतली गेली. तिच्या मोजक्याच प्रती उरल्या. म्हणजे विचारायचं ते हे, की मागे घेण्याआधी किती प्रती बाहेर पडल्या होत्या.

चित्रपटांच्या रेकॉर्डीत आणखी एक खड्डा आहे. पडद्यावर वाजलेलं मूळ संगीत एक, रंगमंचावरच्या कलाकारांनी गायलेलं दुसरं, आणि भलत्याच वाद्यवृंदानं नव्यानं वाजवलेलं तिसरं. तिन्हींच्या कव्हरावर चित्रपटाचं नाव ठसठशीत असतं आणि खरी गोष्ट मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत. ‘शोले’च्या गाण्यांची रेकॉर्ड वेगळी आणि संवादांची वेगळी, ‘शोलेची एलपी’ एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं.

(दृश्य: कापलेला कोपरा, कव्हराला पाडलेलं भोक.)

कोपरा कापलेला, कडेला करवतीची खाच, किंवा आरपार भोक. हे अपघात नव्हेत. कंपनीनं उरलेला माल स्वस्तात काढताना केलेल्या या खुणा आहेत. तबकडी बहुधा कोरी असते. खूण मात्र लपवायची नाही, फोटोत दाखवायची.

दर्जा तबकडीचा वेगळा, कव्हराचा वेगळा. वरून खाली: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड. यातला ‘गुड’ मोठा विनोदी शब्द आहे. या बाजारात त्याचा अर्थ चांगली असा नसून, कशीबशी वाजते असा आहे. शंका असेल तिथं एक पायरी खाली लिहावं. किमतीचं काय, तर त्याच प्रतीचे प्रत्यक्ष झालेले सौदे बघायचे. मागितलेल्या किमती कुणीही मागतो.

(दृश्य: बांधाबांध. तबकडी कव्हरातून बाहेर येते.)

तबकडी कव्हरात ठेवून पाठवली तर वाटेत एकदा आपटली तरी शिवण उसवते. म्हणून ती नव्या, पॉलिथिनचं अस्तर असलेल्या पाकिटात, कव्हराच्या मागं. दोन्ही मिळून एका पिशवीत. पिशवी पीव्हीसीची नको; त्या प्लास्टिकमधली द्रव्यं कालांतरानं तबकडीवर धूसर डाग पाडतात. दोन्ही बाजूंना पन्हळी पुठ्ठा, एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठल्याच दिशेनं वाकत नाही. पुठ्ठे कव्हरापेक्षा थोडे मोठे हवेत, कारण धक्का पहिल्यांदा कोपऱ्याला बसतो. पार्सल उन्हात, बंद गाडीत ठेवायचं नाही. तबकडी पापडासारखी वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही.

चिकटपट्टी लावण्याआधी आत एक चिठ्ठी जाते.

(दृश्य: चिठ्ठी. पेनानं लिहिलेली. कॅमेरा स्थिर.)

‘बाजू २, सुरुवातीपासून सव्वासात मिनिटांवर, सहा वेळा टक्. उडत नाही. त्यानंतर शेवटपर्यंत स्वच्छ.’