शब्द दिला, कायदा राहिला

मार्च २०२० मध्ये सिंगापूर सरकारने कोविड रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढण्यासाठी ‘ट्रेसटुगेदर’ हे अ‍ॅप आणले. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकाची नोंद दुसऱ्यात होई, आणि पंचवीस दिवसांनी ती आपोआप पुसली जाई. स्मार्टफोन नसलेल्या वृद्धांसाठी पुढे प्लॅस्टिकचे छोटे टोकन निघाले. त्यावर क्यूआर कोड छापलेला असे, आणि गळ्यात अडकवले की त्याचा हिरवा दिवा थांबून थांबून लुकलुकत राही.

टोकनची योजना जाहीर होताच तिच्याविरुद्धच्या ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या झाल्या. तेव्हा मंत्री व्हिव्हियन बालकृष्णन यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, ही माहिती केवळ रुग्णाच्या संपर्कातील व्यक्ती शोधण्यासाठीच वापरली जाईल. लोकांनी विश्वास ठेवला म्हणा किंवा इलाज नव्हता म्हणा, वर्षअखेरीस ७० टक्क्यांहून अधिक रहिवासी या यंत्रणेत आले होते.

४ जानेवारी २०२१ रोजी संसदेत खासदार ख्रिस्तोफर डिसोझा यांनी विचारले की, ही माहिती गुन्ह्यांच्या तपासासाठी वापरली जाणार आहे काय. फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार पोलिसांना ती मागवता येते, असे उत्तर गृह राज्यमंत्री डेस्मंड टॅन यांनी दिले. दुसऱ्याच दिवशी बालकृष्णन यांनी कबूल केले की, आश्वासन देताना ही संहिता आपल्या ध्यानात आली नव्हती. एका खुनाच्या तपासात पोलिसांनी ही माहिती घेतल्याचेही तेव्हाच उघड झाले.

खुनाचा तपास होऊ नये, असे कोणीच म्हणत नव्हते. आपण ज्या शब्दावर विसंबून यंत्र गळ्यात घातले, त्या शब्दाला पहिल्या दिवसापासून कायद्याचा आधारच नव्हता, हे लोकांच्या जिव्हारी लागले. मंत्र्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण दिसत नाही. पण कायद्याने पोलिसांना दिलेला अधिकार मंत्र्याच्या तोंडी आश्वासनाने कमी होत नाही.

फेब्रुवारीत संसदेने कायदा दुरुस्त केला आणि खून, दहशतवाद, अपहरण, बलात्कार अशा सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतीच पोलिसांना मुभा ठेवली. महिनाभरात इतके करणे थोडके नव्हे. आपल्याकडे ‘आरोग्य सेतू’च्या माहितीचे नियम मे २०२० मध्ये आले, ते केवळ प्रशासकीय आदेशाने. तरीही ‘केवळ आरोग्यासाठी’ हे मूळ वचन सिंगापूरच्या दुरुस्तीने परत आणले नाही, तर ते मोडण्याची मर्यादा ठरवून दिली.

२०२३ च्या फेब्रुवारीत ही यंत्रणा गुंडाळण्यात आली आणि साठवलेली माहिती पुसली गेली. त्या खून प्रकरणातील नोंदी मात्र सरकारने अनिश्चित काळासाठी राखून ठेवल्या.