मधली सहाशे वर्षं

इतिहासाचा गैरवापर म्हटलं की आपल्याला वाटतं कोणीतरी खोटं सांगतंय. पण खोटं सापडतं हो, आज ना उद्या कागद बाहेर येतात आणि सापडतं. मला जास्त भीती वाटते ती खऱ्या इतिहासाची, म्हणजे घडलेलीच गोष्ट सांगायची पण मधली वर्षं गाळून.

सर्बियाचं बघा. १३८९ मध्ये कोसोवोच्या मैदानात ऑटोमन तुर्कांशी लढाई झाली, त्यात सर्बांचा प्रिन्स लाझार मारला गेला, हे अगदी खरंय. लोकांनी ते गाण्यांतून जपलं, त्यातही काही वाईट नाही, हरलेल्या माणसांना धरून राहायला काहीतरी लागतंच. मग त्या लढाईला ६०० वर्षं होणार म्हणून लाझारच्या अस्थी गावोगाव फिरवल्या आणि २८ जून १९८९ ला त्याच लढाईच्या जागी, गाझिमेस्तान स्मारकापाशी, प्रचंड गर्दीसमोर तेव्हाचा सर्बियाचा नेता मिलोशेविच म्हणाला की आज पुन्हा आपल्यापुढे लढाया आहेत, अजून त्या शस्त्रांच्या नाहीत, पण तशा होणारच नाहीत असंही नाही. आणि ११ जुलै १९९५ ला बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा गाव ताब्यात घेतल्यावर तिथल्या सर्ब सैन्याचा जनरल म्लादिच कॅमेऱ्यापुढे उभा राहून सांगतो की तुर्कांचा सूड घ्यायची वेळ आली.

कुठले तुर्क? तिथे होते बोस्नियाचे मुसलमान, जवळपास तीच भाषा बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. पुढच्या काही दिवसांत सुमारे ८००० पुरुष आणि पोरं मारली. लढाई खरी, मेलेला लाझार खरा, पण मधली सहाशे वर्षं पुसली की जुन्या शत्रूच्या जागी शेजारचा पोरगा उभा करता येतो.

आता दुसरीकडे जर्मनीत काय केलंय ते सांगतो. तिथे बऱ्याच शहरांत फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे चौकोनी दगड बसवलेत, वर पितळी पत्रा. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेलं त्यांच्या घरासमोर. त्यावर लिहिलेलं असतं, इथे राहत होती, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. बस्स. राष्ट्र वगैरे शब्दच नाही, एक माणूस, एक दार आणि तारखा, आणि वाचायचं तर वाकावं लागतं. इथे वर्षं गाळलेली नाहीत, उलट कोरलीयेत.

म्युनिकने मात्र सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू दिले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट नोब्लोख, ज्या स्वतः लहानपणी त्या काळातून वाचल्या, त्यांचं म्हणणं होतं की ही नावं पुन्हा लोकांच्या पायाखाली नकोत. मला हा वाद फार मोलाचा वाटतो, कारण तो कोणाचा सूड घ्यायचा यावर नाहीये, गेलेल्या माणसाचा मान कसा राखायचा यावर आहे. २०१८ पासून म्युनिकमध्ये ती नावं भिंतींवर आणि खांबांवर लावतात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर.