अर्ध्यावरचं मत

(दृश्य: वाचनालयाचं देवघेव काउंटर, संध्याकाळ. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग.)

तालुक्याच्या गावातलं हे 'ब' वर्गाचं वाचनालय. सकाळी इथे पेपर वाचणाऱ्यांचं राज्य असतं. संध्याकाळचे दोन तास मात्र कादंबरीवाल्यांचे. पिशवीतून पुस्तक निघतं, काउंटरवर येतं, आणि ग्रंथपालबाई शेवटचं पान उघडून तारखेचा शिक्का मारताहेत तोवर मत येऊन पडतं.

"बरी आहे, पण फार लांबण लावलीय."

"न्या बिनधास्त. रात्री झोप नाही लागायची."

"आमच्या सासूबाईंना तेवढी देऊ नका."

कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगितलं जातं. आणि गंमत अशी, की बोलणाऱ्याची कादंबरी बऱ्याचदा वाचून संपलेलीही नसते. मुदत भरलेली असते, दंड नको म्हणून पुस्तक नुसतं बदलून घ्यायला, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा नावावर टाकायला आणलेलं असतं. दीडशे पानं झालेली, दोनशे उरलेली. खूण म्हणून आत लाइटबिल घातलेलं. तेवढ्यावर हा माणूस लेखकाचा निकाल लावून मोकळा होतो.

या चित्रफितीसाठी आम्हाला अशीच मतं हवी होती. पुस्तक हातात असतानाची. समीक्षक बोलतो ते शेवट माहीत झाल्यावर, सगळं जुळवून. प्रकाशन समारंभातले वक्ते बोलतात ते पुष्कळदा पुस्तक चाळून. मधल्या पानावरचा वाचक मात्र खरोखर अडकलेला असतो. पुढे काय होणार ते त्याला ठाऊक नसतं आणि आपलं मत उद्या बदलेल याची फिकीरही नसते.

(दृश्य: जुन्या साप्ताहिकाची जीर्ण पानं, दोन स्तंभांतला मजकूर.)

मराठीत ही सवय जुनी आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केलं, आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी त्यात क्रमशः येऊ लागली. म्हणजे यमूची कहाणी वाचकांपर्यंत तुकड्यातुकड्यानं पोचली. आजच्या मालिकेसारखीच. तेव्हाच्या वाचकाला पुढचा अंक येईपर्यंत शेवट कळण्याची सोयच नव्हती. यमूचं लग्न, तिचं सासर, नवऱ्याबरोबरचे चार सुखाचे दिवस, मग वैधव्य. प्रत्येक टप्प्यावर घराघरांत काय बोललं गेलं असेल याची कल्पनाच करायची. ते कुठे छापलं गेलं नाही. मराठी कादंबरीच्या इतिहासात लेखक आहेत, प्रकाशक आहेत, पुरस्कार आहेत. माजघरात अंक मोठ्यानं वाचला जात असताना "पुढं काय होतंय बाई तिचं" म्हणणारी बाई त्यात कुठेच नाही.

पुस्तकं घरी न्यायची सोय तर त्याहूनही जुनी. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', जी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते, ती आली 1857 साली. म्हणजे आपल्याकडे वाचनालयं आधी आली आणि कादंबरी मागाहून.

(दृश्य: कॉलेजच्या कट्ट्यावर चार-पाच मुलं. एकाच्या मांडीवर 'कोसला'.)

अर्ध्यावरचं मत किती फसवं, आणि तरी किती खरं असू शकतं, हे बघायचं असेल तर 'कोसला' वाचणाऱ्याला गाठावं. भालचंद्र नेमाडे यांची ही पहिली कादंबरी 1963 ची. लेखक तेव्हा पंचविशीत. अर्पणपत्रिका आहे शंभरांतल्या नव्याण्णवांना. त्यामुळे जो उघडतो त्याला आधी हेच ठरवावं लागतं, की आपण नव्याण्णवांतले की उरलेला एक.

इथे दोन तट पडलेत. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी चाळीस पानांवर आहे. तो म्हणतो, "ह्यात काही घडतच नाही. हा नुसता खर्च करतो, मेस चालवतो आणि बापाच्या नावानं खडे फोडतो." शेजारची मुलगी मराठीत एम.ए. करतेय. ती अर्ध्याच्या पुढे गेली आहे. ती त्याला काही सांगत नाही. "तू वाच," एवढंच. नायक पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू त्याच्या वाचनात अजून यायचाय, हे तिला माहीत आहे. तोवरचा सगळा टवाळीचा सूर तिथे कसा ढासळतो, तेही तिला माहीत आहे. ते आधी सांगणं म्हणजे पाप, असं ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात.

आता, त्या मुलाचं मत चूक म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. चाळिसाव्या पानावर 'कोसला' कंटाळवाणी वाटणं यात काही गैर नाही. पांडुरंगालाही पुण्यात कंटाळाच येत असतो. पुढे मुलाचं मत बदलेल. बदललं नाही तर तो शंभरातला तो एक.

(दृश्य: मंदिरालगतचं बाक. दोन ज्येष्ठ वाचक. हातात 'मृत्युंजय', कव्हर खाकी कागदाचं.)

इथल्या भांडणात मात्र दोन्ही पक्ष पुस्तक अनेकदा वाचलेले. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 साली आली आणि तेव्हापासून मराठी घरांत कर्ण हा नातेवाईक असल्यासारखा आहे. कादंबरी एकट्या कर्णाच्या तोंडून नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. त्यामुळे वाचता वाचता पक्ष बदलण्याची सोय कादंबरीतच आहे. कर्णाचं ऐकताना कुंतीचा राग येतो, आणि कुंती बोलायला लागली की तोच राग गिळावा लागतो.

बाकावरचे एक आजोबा ती चौथ्यांदा वाचताहेत. सध्या शोणापाशी आहेत. "भाऊ असावा तर असा," म्हणतात. दुसरे लगेच हात वर करतात. "ते झालं. पण भर सभेत द्रौपदीबद्दल कर्ण काय बोलला ते विसरलात काय? ही खाली ठेवा आणि 'युगान्त' वाचा."

आणि त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' हे कादंबरी नव्हे, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. पण तेही 1967 चंच. ज्या वर्षी मराठी वाचकाला कर्णासाठी रडायला 'मृत्युंजय' मिळाली, त्याच वर्षी कर्णाकडे कोरड्या डोळ्यांनी बघणारं पुस्तकही मिळालं. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. अर्धशतक उलटून गेलं, बाकावरचा वाद काही मिटलेला नाही. आमचं ऐकाल तर दोन्ही एकदम घरी आणावीत. एका कार्डावर दोन पुस्तकं बहुतेक ठिकाणी मिळतात.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचा वाचक वेगळाच. त्याला शेवट पहिल्या पानापासून ठाऊक असतो. विश्वास पाटलांची 'पानिपत' उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, की ही गाडी 14 जानेवारी 1761 ला जाऊन थांबणार. रणजित देसाईंची 'स्वामी' घेणाऱ्यालाही माहीत असतं, की थोरले माधवराव 1772 साली थेऊरला जगाचा निरोप घेणार आणि रमाबाई सती जाणार. तरी माणसं वाचतात. आणि एक गोष्ट आम्हाला एकाहून अधिक वाचकांनी सांगितली, ती अशी: शेवट जवळ आला की ती वाचनाचा वेग कमी करतात. एक बाई 'स्वामी'ची शेवटची चाळीसेक पानं राखून ठेवतात. मागच्या वेळीही त्यांनी ती तशीच परत केली होती. "थेऊर आलं की मी पुस्तक मिटते. गणपतीला गेले होते ना, तेव्हा तिथलं रमाबाईंचं स्मारक बघितलंय. पुन्हा कशाला वाचायचं?" ग्रंथपालबाईंना हे पटत नाही. पूर्ण वाचलं नाही तर वाचलं कसं म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. आम्ही मध्ये पडलो नाही.

(दृश्य: पुस्तकाचं पान, अगदी जवळून. समासात पेन्सिलीची अक्षरं.)

काही मतं तोंडानं सांगितली जात नाहीत. ती समासात सापडतात. ही एक सामाजिक कादंबरी, तिचं नाव सांगत नाही. दाखल क्रमांकावरून दिसतं, की ती बरीच वर्षं इथे आहे. पान 31: वाक्याखाली रेघ, शेजारी 'वा!'. पान 58: दुसरं हस्ताक्षर, 'वा काय त्यात?'. पान 112 वर निळ्या शाईत, 'हिला अक्कल नाही.' नायिकेला म्हटलंय की लेखिकेला, ते कळायला मार्ग नाही. त्याखाली अगदी बारीक अक्षरात: 'तुम्हाला तरी आहे का? पुस्तक सार्वजनिक आहे.' पुढे पन्नास पानं शांतता. दोघांपैकी एकानं बहुधा पुस्तक परत केलं असणार.

आणि मग पान 170 ला एक शेरा अर्धाच आहे: '…वट वाचून निराशा'. पुस्तक खिळखिळं झालं तेव्हा बांधणीला पाठवलं. बाइंडरनं तिन्ही बाजूंनी कडा कापल्या, त्यात 'शे' गेला. अशी कितीतरी मतं कापलेल्या कागदाबरोबर रद्दीत गेली असतील. पुस्तकात लिहू नये, हे खरंच. ग्रंथपालबाई खोडरबर घेऊन बसतात तेव्हा त्यांची बाजू शंभर टक्के बरोबर असते. पण हातात जुनं पुस्तक आलं की आपण आधी समास वाचतो, हेही खोटं नाही. फक्त रहस्यकथेत पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाभोवती गोल काढून ठेवणाऱ्याला कुठलीही माफी नसावी.

(दृश्य: गोठा. सकाळचं दूध काढून झालेलं. भिंतीतल्या कोनाड्यात पुस्तक.)

सगळ्यात अनपेक्षित मत आम्हाला इथे मिळालं. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठवलेलं गाव, नव्या जागी न रुजणारी माणसं आणि जुन्या गावातच मागे राहिलेली, रानात राहून रानटी झालेली एक म्हैस. परीक्षणांमध्ये या म्हशीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. विस्थापनाचं प्रतीक वगैरे.

या बाईंच्या दावणीला चार म्हशी आहेत. कादंबरी मुलीनं कॉलेजातून आणली, वाचताहेत आई. रोज दहा-बारा पानं, धार काढून झाल्यावर. प्रतीकाशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांची तपासणी वेगळ्याच अंगानं चालू आहे. म्हैस कान कधी टवकारते, माणसाच्या वासाला कशी बिचकते, मारायला यायच्या आधी मान कशी खाली घालते. "हे लिहिणाऱ्यानं जनावर बघितलंय," त्या सांगतात. मग म्हणतात, "पण एवढे दिवस ती माणसाला विसरंल, हे मला अजून पटंना. बघू पुढं काय लिहिलंय."

बघू पुढं काय लिहिलंय. लेखकाला एवढी संधी देणारा वाचक सगळ्यांनाच मिळत नाही.

(दृश्य: लाकडी पेटी उघडते. आत पुस्तकं.)

वाचनालय लांब असेल तर माणसं दुसऱ्या वाटा काढतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचणारा शेजारपाजारचा गट, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. या पेट्या पुढे दुबईलाही पोचल्या. पेटी एकाच्या घरी असली की पुस्तक घ्यायला येणारा चहा घेतल्याशिवाय जात नाही, आणि चहाबरोबर मत निघतंच. पाचगणीजवळचं भिलार 4 मे 2017 ला पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात सुरुवातीला 25 ठिकाणी, घरांत, देवळात, शाळेत, सुमारे 15 हजार पुस्तकं मांडली गेली. तिथे येणारे बरेचसे दिवसभरासाठी येतात. कुणाच्या तरी ओसरीवर बसून कादंबरीची तीसेक पानं वाचतात आणि गाडीची वेळ झाली की उठतात. उरलेल्या कादंबरीचं काय? काही जण म्हणे पानाचा फोटो काढून नेतात, आणि मग आपल्या गावी तेच पुस्तक शोधतात.

(दृश्य: पुन्हा काउंटर. बंद व्हायला दहा मिनिटं.)

शेवटचे आलेत ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हातात 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ'. नेमाड्यांचीच, 2010 सालची, सहाशेच्या आसपास पानांची. हे ती तिसऱ्यांदा नावावर टाकायला आलेत. नायक खंडेरावाच्या मागे मागे कधी उत्खननात, कधी मोरगावात, कधी कुठल्या तरी पूर्वजाच्या भानगडीत फिरताहेत, आणि मुख्य रस्ता कुठला ते आपल्याला अजून कळलेलं नाही, असं ते आनंदानं सांगतात. नोकरीत असताना असल्या फाट्यांवरूनच गाडी न्यायला त्यांना आवडायचं.

ग्रंथपालबाई नोंदवही उलटून बघतात. या वेळी मिळायची नाही. शाळेतल्या एका मॅडमनी या पुस्तकासाठी नंबर लावलाय.

"मग असं करा," ते म्हणतात, "त्यांना शेवटची दोनशे पानं आधी वाचायला सांगा. पहिली चारशे माझी झालीत. मधूनच सुरू केली तरी चालते ही."