न्यूयॉर्कच्या सबवेत गाणारे-वाजवणारे नेमके सापडतात कुठी?

राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यात बसून न्यूयॉर्कच्या सबवेवर, म्हणजे तिथल्या जमिनीखालच्या मेट्रोवर, व्हिडिओ काहून, असं काही जण म्हणतीन, पण बघा ना, आपल्याकडची पोरंपोरी तिकडे न्यूयॉर्कच्या शेजारी न्यू जर्सीत नोकरीला लागली आणि आता त्यांचे मायबाप चार-चार, सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. सकाळी पोरगा-सून कामावर गेले की दिवसभर करायचं काय? मॉल पाहून पाहून किती पाहाल. तर मी म्हणतो सबवेत उतरा आणि गाणारे-वाजवणारे शोधा, भारी चीज आहे ती, फक्त नशिबावर सोडलं तर एकही सापडणार नाही, कारण ही माणसं वाटेल तिथे उभी राहत नाहीत.

आधी पैशाचं सांगतो. तिथे अंतरावर भाडं नाही. एकदा कार्ड टॅप करून गेटच्या आत गेलं की तीन डॉलरच्या आसपास कटतात, आणि मंग तुम्ही बाहेर पडेपर्यंत आतल्या आत कितीही गाड्या बदला, कोणी विचारत नाही. पावणेपाचशेच्या जवळपास स्टेशनं आहेत. आपल्या कामाची त्यातली चार-पाचच.

जर्सी सिटीवरून पाथ नावाची वेगळी गाडी येते, तिचं तिकीट वेगळं, तिने ३३व्या स्ट्रीटला उतरा. बाजूलाच हेराल्ड स्क्वेअर सबवे स्टेशन. तिथून एन, क्यू किंवा आर नावाची गाडी पकडून टाइम्स स्क्वेअर, तिथून एस नावाची छोटी शटल ग्रँड सेंट्रलला, तिथून ४, ५ नाहीतर ६ नंबरने युनियन स्क्वेअर, आणि दम असन तर पुढे ४ किंवा ५ने ब्रुकलिनात अटलांटिक अव्हेन्यू. एका भाड्यात एवढी चक्कर होते. एका स्टेशनवर कोणी नसलं तर थांबू नका, पुढच्या गाडीत बसा.

आता स्टेशनात कुठे पाहायचं, इथेच लोक चुकतात. सरळ प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहतात आणि म्हणतात काहीच नाही बाप्पा इथे. रस्त्यावरून जिना उतरला की गेटच्या आसपास जो मधला मजला असतो, त्याला मेझनिन म्हणतात, आणि तिथून दुसऱ्या लाइनकडे जाणारे लांब बोगदे, तिथे पाहा. कारण नियमच तसा आहे. प्लॅटफॉर्मवर अँप्लिफायर लावायला बंदी, वरच्या मजल्यावर लावता येतो पण आवाज पाच फुटांवरून मोजला तर ८५ डेसिबलच्या वर नको, तिकीट बूथपासून २५ फूट लांब राहायचं, आणि अनाउन्समेंट चालू झाली की वाजवणं बंद. म्हणून स्पीकरवाला मोठा बँड वर मेझनिनला, आणि एकटा गिटारवाला किंवा व्हायोलिनवाला खाली. खाली त्याचा फायदा हा की गाडी येईपर्यंत ऐकणारा हलत नाही, पण मोठ्या स्टेशनांवर चार-चार रूळ, दोन्हीकडून गाड्या धडधडत आल्या की त्याचं अर्धं गाणं तिथेच जातं.

काही जणांच्या मागे नाव लिहिलेला बॅनर टांगलेला दिसन. ते निवडून आलेले. म्युझिक अंडर न्यूयॉर्क नावाने तिथल्या सरकारी वाहतूकवाल्यांनी १९८५ला हा कार्यक्रम सुरू केला, ग्रँड सेंट्रलच्या मोठ्या हॉलमध्ये ऑडिशन होतात, प्रत्येकाला पाचेक मिनिटं, समोर परीक्षक. साडेतीनशेच्या वर कलाकार आणि मंडळं आहेत त्यात, आणि त्यांना तीसेक ठरलेल्या जागांवर वेळ वाटून देतात. पगार नाही हं, पेटीत जे पडन ते. पण बॅनर दिसला म्हणजे माणूस लगेच उठून जाणार नाही, आरामात ऐका. बिनबॅनरवाल्यांनाही वाजवायची मुभा आहेच, आणि माझं मत विचाराल तर त्यांच्यातच जास्त मजा. रंगाच्या रिकाम्या प्लास्टिक बकेटा उलट्या मांडून असा ठेका धरतात की पाय थांबत नाही. कोणी करवतीवर गज फिरवून सूर काढतो. चिनी म्हातारे एरहू वाजवतात, दोनच तारा आणि गज त्या तारांच्या मधून फिरतो, आपल्या नाथजोग्याची किंगरी ऐकलेल्या माणसाला तो आवाज अजिबात परका वाटत नाही.

चालत्या डब्यातही पोरं येतात, "शोटाइम" ओरडून दांड्याला लटकून उलट्या कोलांट्या मारतात. ते नियमात बसत नाही, पोलीस पकडतात, आणि तुमच्या नाकाजवळून बूट जातो, तर चष्मा सांभाळा.

वेळ म्हणाल तर संध्याकाळ आणि शनिवार-रविवार. सकाळी आठला जाऊ नका. तो जोशुआ बेलचा मेसेज तुमच्या ग्रुपवर गंजदा आला असन, १२ जानेवारी २००७, वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवर एवढा मोठा व्हायोलिनवादक ४३ मिनिटं वाजवत होता, १०९७ लोक समोरून गेले आणि थांबले फक्त सात. खाली मोठा उपदेश असतो की माणसाला कलेची कदर राहिली नाही. अरे पण सकाळी पावणेआठनंतर, सरकारी ऑफिसांच्या स्टेशनवर! लेटमार्कच्या टायमाला कोण थांबन? तोच माणूस संध्याकाळी बसवला असता तर आकडा वेगळा आला असता, असं मला तरी वाटते.

ऐकलं तर डॉलर-दोन डॉलर टाकाच, आणि व्हिडिओ काढला तर नक्कीच टाका. मोबाइलवर शूट चालते, ट्रायपॉड आणि लाइट चालत नाही.

आमच्या शेजारचे एक काका आता पोरीकडे चालले, भजन मंडळात खंजिरी वाजवतात, त्यांनी मला विचारलं, "काबे, मले वाजवू देतीन काय तेथी?" तर काका, देतीन. बिनस्पीकरची खंजिरी वाजवायला लायसन लागत नाही, जिन्याची वाट अडवू नका, बूथपासून लांब बसा. आपल्याकडे बडनेऱ्याला डब्यात चढून गाणाऱ्या सूरदासाला १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४४ दाखवून भिकारी म्हणून उतरवता येते, तिथे स्टेशनात वाजवणं आणि त्यासाठी पैसे घेणं नियमातच लिहून ठेवलं आहे. फक्त तुम्ही टुरिस्ट व्हिसावर चालले, त्यावर कमाई करता येत नाही, म्हणून समोर टोपी, डबा, रुमाल काहीच ठेवू नका आणि कोणी डॉलर दिला तर हात जोडून परत करा. आणि खंजिरी जुनी घोरपडीच्या कातड्याची असन तर ती घरीच राहू द्या, घोरपड संरक्षित प्राणी आहे, एअरपोर्टवरच लफडं होईन. प्लास्टिकच्या पानाची घ्या. आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, पण बोगद्यात घुमते चांगली.